वावरातला डेटा लॉगर ऑनलाइन दिसत नाही: मॉडेम तपासायचा क्रम

पाऊस मोजणारं केंद्र असो, विहिरीची पातळी टिपणारा लॉगर असो की नाल्यावरचा सेन्सर, तक्रार ठरलेली असते: "भाऊ, तुमचा डब्बा पुन्हा बंद पडला." खरं तर डबा सहसा बंद पडलेला नसतो. लॉगर आत बसून मोजतच असतो, फक्त मोजलेलं बाहेर पाठवता येत नसतं. ते पाठवण्याचं काम डब्यातला मॉडेम सिमवरून करतो. अमरावती, अकोला, यवतमाळ या पट्ट्यात मी हीच दुरुस्ती कित्येकदा केली आहे. "इथं नेटवर्कच नाही" म्हणून जे मॉडेम बदलायला काढले जातात, त्यातले बरेच ठणठणीत निघतात. दोष बॅटरीत, रिचार्जमध्ये किंवा अँटेनाच्या जोडात सापडतो.

लक्षणं

डेटा थांबला एवढं कळून भागत नाही. तो कधी थांबतो आणि कधी परत येतो ते बघा. सर्व्हरवरचा मागच्या पंधरा दिवसांचा आलेख उघडा आणि मोकळ्या जागा कुठे पडल्यात ते शोधा.

- पहाटे बंद, सकाळी नऊ-दहाला ऊन चढल्यावर पुन्हा सुरू: बॅटरी रात्र काढत नाही.
- एप्रिल-मेमध्ये दुपारी बंद, दिवस मावळल्यावर सुरू: डबा तापतोय.
- गावची लाइन गेली की तासा-दोन तासांनी बंद, लाइन आली की सुरू: टॉवरचा बॅकअप संपतो. तुमच्या डब्यात काही बिघडलेलं नाही.
- एका तारखेला मध्यरात्री कापल्यासारखा बंद, नंतर काहीच नाही: रिचार्ज.
- पावसाच्या मोठ्या सरीनंतर सिग्नल हळूहळू उतरत गेला: अँटेनाच्या जोडात पाणी.
- उन्हाळ्यात उत्तम, ऑगस्ट-सप्टेंबरपासून रडतखडत: पीक वाढलं. याबद्दल पुढे.
- मॉडेमचे दिवे लागलेले, सिग्नल चांगला, तरी सर्व्हर कोरा: एपीएन (मोबाईल कंपनीच्या इंटरनेटमध्ये शिरायचं नाव), सर्व्हरचा पत्ता किंवा सिमवरचे निर्बंध.
- डेटा येतो, पण साडेपाच तास मागे: मॉडेमला काही झालेलं नाही. लॉगरचं घड्याळ जागतिक वेळेवर आहे आणि सर्व्हर ते भारतीय वेळ समजतोय. सेटिंग बदला आणि विषय संपवा.

एकाच डब्यात दोन लक्षणं एकत्र दिसली तर आधी वीज तपासा. व्होल्टेज पडलं की इतर सगळे दोष असल्याचं सोंग मॉडेम आणू शकतो.

घरून निघण्यापूर्वी

यात पेट्रोलही जळत नाही, म्हणून हे पहिलं.

सिमचा रिचार्ज बघा. वैधता आणि डेटा दोन्ही बघा, कारण बोलणं अमर्याद पण डेटा नाही असे प्लॅनही असतात. साधं प्रीपेड सिम असेल तर ते कुणाच्या नावावर आहे तेही विचारा. बसवणाऱ्या पोराच्या नावावर सिम, पोरगा नोकरी सोडून पुण्याला, ओटीपी त्याच्या फोनवर, असं फार वेळा निघतं. रिचार्जविना बराच काळ पडून राहिलेला नंबर कायमचा बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिलाही जातो.

तेरा आकडी नंबर असेल तर ते यंत्रांसाठीचं एमटूएम सिम आहे. त्याची वैधता कंपनीच्या पोर्टलवर दिसते. त्याच पोर्टलवर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. सिम ठरावीक मॉडेमच्या आयएमईआयला (मॉडेमच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं आहे का? आणि ठरावीक सर्व्हर पत्त्यांनाच परवानगी आहे का? मॉडेम बदलल्यावर किंवा सर्व्हर दुसरीकडे हलवल्यावर डेटा थांबला असेल तर बहुतेक उत्तर इथेच मिळतं. वावरात जाऊन स्क्रू फिरवण्यात अर्थ नसतो.

मग लॉगरने पाठवलेला बॅटरी व्होल्टेजचा रकाना उघडा. बहुतेक लॉगर तो पाठवतात आणि बहुतेक लोक तो बघत नाहीत. डेटा थांबण्याआधीच्या शेवटच्या काही रात्रींचा नीचांक दररोज खाली खाली जात असेल, तर निदान झालं. निघताना नवी बॅटरी सोबत घ्या, पण ती लावण्याआधी पुढचा बॅटरीचा भाग वाचा, नाहीतर तीही पुढच्या पावसाळ्यात मरेल.

शेवटी डब्याच्या शेजारच्या कास्तकाराला फोन लावा. त्याच कंपनीचं सिम असलेल्या फोनवर तिथं नेटवर्क आहे का, गावात लाइन आहे का, डब्यावर काही पडलं-बिडलं का, एवढं विचारा. रोही (नीलगाई) खांबाला अंग घासतात, वानरं केबलला लोंबकळतात. हे सगळं त्याला दिसलेलं असतं.

डब्यापाशी पोहोचल्यावर

मॉडेम लगेच बंद-चालू करू नका. या कामातला सगळ्यात वाईट मोह हाच. रीस्टार्ट केला की मॉडेम पुन्हा जोडला जातो, सगळे खूश होऊन घरी जातात आणि आठ दिवसांत तोच फोन येतो. मॉडेम अडकलेल्या स्थितीत असताना जे पुरावे मिळतात ते रीस्टार्टने पुसले जातात.

आधी लॅपटॉप जोडून लॉगरमधला सगळा डेटा उतरवून घ्या. लॉगरची मेमरी भरली की बहुधा सगळ्यात जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. त्यामुळे महिनाभर डबा ऑफलाइन असेल तर उशीर महागात पडू शकतो. मग दिव्यांचे फोटो काढा, बॅटरीचं व्होल्टेज लिहा, आणि त्यानंतरच हात घाला.

पॅनेल आणि सावली

ओलं फडकं, एवढाच खर्च. उन्हाळ्यातली धूळ आणि पाखरांची घाण मिळून पॅनेलचा बराच भाग झाकतात. पण विदर्भात त्याहून मोठा चोर म्हणजे तूर. मे-जूनमध्ये डबा बसवतात तेव्हा वावर उघडं असतं. दोन मीटरच्या खांबावरचं पॅनेल आणि अँटेना दोन्ही मोकळ्यात असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तूर माणसाच्या डोक्यावर जाते. ती पॅनेलवर सावली टाकते आणि ओल्या पानांचा दाट पडदा सिग्नलही खातो. वीज आणि नेटवर्क एकदमच अर्धवट होतात, आणि माणूस दोन वेगळे दोष शोधत बसतो. संत्र्याच्या बागेत हेच थोड्या संथ गतीने, वर्षागणिक होतं. उपाय सरळ आहे: खांब धुऱ्यावर (बांधावर) घ्या, किंवा अँटेना पिकाच्या वर दीड-दोन मीटर न्या. मालकाला विचारल्याशिवाय तुरीचं एक फांटंही तोडू नका.

बॅटरी: इथे वेळ द्या

१२ व्होल्टची बंद लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग थांबवून काही वेळ निवांत ठेवली की पूर्ण भरलेली असल्यास १२.७ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. ११.८ म्हणजे रिकामी. पण भर दुपारी पॅनेल जोडलेलं असताना मोजलं तर मरायला टेकलेली बॅटरीही १३.५ दाखवते, कारण मीटर चार्जिंगचं व्होल्टेज वाचत असतं. म्हणून पॅनेलची वायर सोडा, थोडं थांबा, मॉडेम चालू ठेवूनच मोजा. १२.६ वरून बघता बघता ११.५ वर आली तर बॅटरी गेली.

पाठवतानाच्या क्षणी मॉडेम नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. सुटं २जी मॉड्यूल असेल, जे ४ व्होल्टच्या आसपास थेट चालतं, तर त्याला क्षणभर २ अँपिअरपर्यंत लागू शकतो. बॅटरी चांगली असूनही वायर बारीक असेल, फ्यूजच्या घरट्यात गंज असेल किंवा स्क्रू सैल असेल, तर नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि मॉडेम रीसेट होतो. मग तो नव्याने नेटवर्क शोधतो, पाठवायला जातो, पुन्हा कोसळतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नेटवर्क येतंय-जातंय. साध्या मल्टिमीटरला हा झटका दिसत नाही, तो फार थोडा वेळ टिकतो. नीचांक पकडणारं बटण असलेला मीटर वापरा, आणि मॉडेमच्या टोकावर मोजा, बॅटरीच्या टोकावर नव्हे. दोन्हींमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडत असेल तर वायर आणि जोड बदला. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्या-मातीच्या भागात, हे जोड मी न विचारताच उघडून बघतो.

आता हिशेब. समजा मॉडेम सतत चालू आहे आणि सरासरी १०० मिलिअँपिअर घेतो. दिवसाला २.४ अँपिअर-तास झाले. ७ अँपिअर-तासाची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात साडेतीन. दीड दिवस ऊन नाही पडलं की खेळ संपला. १० वॉटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला पावणेतीन अँपिअर-तासांच्या आसपास देतं, म्हणजे लॉगरचा खर्च धरला तर उन्हाळ्यातच जेमतेम भागतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत ते पाव भागावर येतं. म्हणून सतत चालू मॉडेमवाले डबे दरवर्षी झडीत मरतात, आणि मोठ्या पावसाचा डेटा हवा असतो तोही नेमका झडीतच.

नवी बॅटरी आणण्याआधी मॉडेमचा पुरवठा लॉगरच्या स्विचवर घ्या: तासाला पाच मिनिटं चालू, बाकी बंद. खर्च दिवसाला ०.२ अँपिअर-तासांवर येतो आणि तीच बॅटरी मॉडेमपुरती दोन आठवड्यांहून जास्त काढते. वरून प्रत्येक तासाला मॉडेम नव्याने सुरू होत असल्याने अडकून बसण्याचा प्रश्नही आपोआप कमी होतो. फक्त सगळे डबे बरोबर शून्य मिनिटाला चालू करू नका. कुणाला तीन मिनिटांनी, कुणाला सात मिनिटांनी द्या. संध्याकाळी गावभर मोबाईलवर मॅच चालू असते तेव्हा टॉवरवर आधीच गर्दी असते.

बॅटरीचं वय उष्णतेने घटतं. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांमागे ते साधारण अर्धं होतं. अकोला, चंद्रपूरच्या मेमध्ये बाहेर ४५ असताना बंद पत्र्याच्या डब्यात किती होत असेल याचा विचार करा. डबा पांढरा हवा, पॅनेलच्या सावलीत हवा, आणि बॅटरी तळाशी हवी. घरगुती यूएसबी डोंगल अशा डब्यात टाकूच नका. त्यांची मर्यादा बहुधा ३५-४० अंशांची असते. औद्योगिक मॉडेम साधारण ७० च्या पुढे टिकतात, तोच फरक किमतीत दिसतो.

सिम आणि अँटेना

सिम काढा, संपर्क मऊ खोडरबराने पुसा, परत बसवा. नॅनो सिम प्लॅस्टिकच्या अडॅप्टरमध्ये घालून मोठ्या खोबणीत बसवलं असेल तर उन्हात अडॅप्टर वाकतो आणि संपर्क सुटतो. दुपारीच बंद पडणाऱ्या काही डब्यांचं कारण मॉडेम नसून हा दोन रुपयांचा तुकडा असतो. योग्य मापाचं सिम मागून घ्या.

अँटेनाचं स्क्रू हाताने घट्ट करा, पक्कड नको. मग तीन गोष्टी बघा. एक, अँटेना मुख्य पोर्टवर आहे का? शेजारी सहायक आणि जीपीएसचे पोर्ट अगदी तसेच दिसतात. दोन, कनेक्टरच्या मध्यभागी खरोखर पिन आहे का? वायफायच्या अँटेनाला उलट जातीचा एसएमए (पेचाचा अँटेना-जोड) असतो. तो पेचावर बरोबर फिरतो, घट्ट बसतो, पण आत धातूला धातू लागतच नाही. बाजारातून "अँटेना द्या" म्हणून आणलेल्यांत ही गडबड नेहमीची. तीन, जोडात हिरवट गंज किंवा ओल आहे का? असेल तर तो जोड पुसून वाचत नाही. कापा, नवा लावा, आणि स्वतःवरच चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा. केबल जोडाच्या खाली एक वळसा देऊन वर घ्या, म्हणजे पाणी वळशावरून गळून जातं.

लांब केबलचा मोह टाळा. आरजी-५८ जातीची दहा मीटर केबल निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच खाते. उंच अँटेनाने कमावलेलं केबलने गमावलं तर फायदा काय? केबल जाड आणि कमी तोट्याची घ्या, नाहीतर मॉडेमच वर न्या.

दिशादर्शक यागी अँटेना असेल तर खांब ओळंब्यात आहे का बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पायाचा खांब दर मोसमात थोडा कलतो. यागीचं तोंड टॉवरवरून ढळायला तेवढं पुरतं.

मॉडेमला थेट विचारा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे मॉडेमला आदेश लिहायची खिडकी, उघडा. क्रम असा ठेवा, कारण आधीचं उत्तर चुकीचं असताना पुढचं विचारण्यात अर्थ नसतो.

नुसतं 'एटी' (AT) लिहा. 'ओके' आलं नाही तर बॉड रेट (दोघांच्या बोलण्याचा वेग) चुकीचा आहे किंवा केबल. लॉगर ९६०० वर आणि मॉडेम १,१५,२०० वर, हे नवीन जोडणीत सर्रास असतं. आरएस-२३२ या जोडणीत सरळ आणि उलट अशा दोन केबली असतात, तीही अदलाबदल करून बघा. पण डबा आधी चालत होता आणि कुणी हात लावला नाही, तर हा भाग सोडून द्या.

मग सीपिन (AT+CPIN?), म्हणजे सिम तयार आहे का: 'रेडी' यायला हवं. पिन मागत असेल तर सिम फोनमध्ये टाकून पिनचं कुलूप बंद करा.

सीएसक्यू (AT+CSQ), म्हणजे सिग्नल किती: ० ते ३१ मधला आकडा येतो. त्याची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम या एककातला सिग्नल मिळतो. १० म्हणजे उणे ९३. दहाच्या खाली भरवसा नाही, पंधराच्या वर निश्चिंत. ९९ म्हणजे मॉडेमला काहीच कळत नाही, अँटेनाकडे परत जा. पाच मिनिटं दर काही सेकंदांनी आकडा बघा. तो उड्या मारत असेल तर जोड सैल आहे.

सीरेग (AT+CREG?), आणि ४जीसाठी सीईरेग (AT+CEREG?), म्हणजे नेटवर्कवर नोंदणी झाली का: दुसरा आकडा १ म्हणजे नोंदणी झाली, ५ म्हणजे रोमिंगवर झाली, २ म्हणजे शोध चालू, ३ म्हणजे नाकारलं. ५ आकडा धारणी, देवरी, सिरोंचा अशा सीमेवरच्या भागांत दिसला तर दचकू नका. मॉडेमने मध्य प्रदेश, छत्तीसगड किंवा तेलंगणातला टॉवर धरलाय. मॉडेममध्ये रोमिंग बंद केलेलं असेल तर तो तिथे मुकाट बसून राहतो, म्हणून रोमिंग चालू करा.

२ वर अडकून राहिला तर मॉडेमची जात बघा. जिओकडे २जी नाहीच, त्यामुळे जुन्या २जी मॉडेममध्ये ते सिम कधीच नोंदणार नाही, कितीही खांब वाढवा. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळालेला अमेरिकी आवृत्तीचा ४जी मॉडेम भारतातले ३, ४० हे बँड (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) ओळखत नसेल, तर फोनवर चार काड्या आणि मॉडेमवर शून्य, असं होतं.

नोंदणी झाली, पण आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही: एपीएन तपासा. साध्या सिमला जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट चालतं. एमटूएम सिमला मात्र कंपनीने दिलेला वेगळाच एपीएन लागतो आणि एक अक्षर चुकलं तरी चालत नाही. बाकीचं ठीक असताना सर्व्हर कोरा राहण्याचं हे पहिलं कारण.

आयपी मिळाला, पण ऑफिसमधून डब्याला जोडता येत नाही, ही तक्रार वेगळी. मोबाईल कंपन्या बहुधा खासगी पत्ता देतात, १० किंवा १०० ने सुरू होणारा. बाहेरून त्या पत्त्यावर पोहोचता येत नाही. लॉगरने स्वतः सर्व्हरला डेटा पाठवायचा, अशीच रचना करा. स्थिर आयपीमागे पैसे घालवण्याची गरज क्वचितच पडते.

इथे थांबा

बॅटरी फुगली, गळाली किंवा हाताला चटका देते: वायरी सोडा आणि जाणकाराला बोलवा. डब्यात वीज पडल्याच्या खुणा, काळे डाग, जळका वास असेल तर मॉडेम बदलून उपयोग नाही. अर्थिंग आणि सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा भाग) इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि अर्थिंग मेमध्ये मोजायला सांगा. भेगाळलेल्या काळ्या मातीत तेव्हाच ते सगळ्यात वाईट असतं, ऑगस्टचा आकडा फसवा असतो. वरून विजेची तार जात असेल तर खांब उभा करायचा किंवा आडवा करायचा विचारही एकट्याने करू नका. सेन्सरची केबल अडकली म्हणून जुन्या विहिरीत उतरू नका.

महसूल मंडळातल्या सरकारी हवामान केंद्राला तर हातच लावायचा नाही. फळपीक विम्याची भरपाई तिथल्या आकड्यांवर ठरते. तक्रार तालुका कृषी कार्यालयात द्या.

नोंदणी नाकारली जाते आणि तेच सिम त्याच कंपनीच्या फोनमध्येही चालत नाही: सिम कंपनीशी बोला. मेळघाटाच्या दरीत कुठल्याच कंपनीचा फोन चालत नसेल, तर आणखी अँटेना घेऊ नका. महिन्याला जाऊन डेटा उतरवायचा किंवा उपग्रहाचा मार्ग, एवढेच पर्याय उरतात. आणि अंधुक सिग्नलवर मॉडेमचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बदलायला जाऊ नका, अर्ध्यात तुटलं की मॉडेम कारखान्यातच न्यावा लागतो.

तंत्रज्ञाला फोन करताना मॉडेमचा आयएमईआय, सिमचा नंबर, मॉडेमच्या टोकावरचं व्होल्टेज, सीएसक्यू आणि सीरेगचे आकडे, आणि डेटा थांबण्याची वेळ एवढं सांगा. तो येईपर्यंत मॉडेमची वायर काढून ठेवा, लॉगर चालू राहू द्या. बॅटरी मोजमापापुरती पुरते.